हवा तो आकडा

एका बाजूला १६.८४, दुसऱ्या बाजूला २.६. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की उत्तर साडेसहाच्या जरासं अलीकडे येतं. 'बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढल्याचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ साडेसहा पट आहे' हे वाक्य माझ्या लघुप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात झोकात बसलं असतं. दोन्ही आकडे सरकारी. भागाकार मोबाइलने केलेला, म्हणजे त्यातही खोट नाही. ते वाक्य मी लिहिलेलं नाही. पण ते लिहायला हात किती शिवशिवत होते, आणि न लिहिण्याचं श्रेय माझं किती नि योगायोगाचं किती, हा हिशेब मला स्वतःपुढे मांडायचा आहे. प्रबंधातल्या 'संशोधन पद्धती' या प्रकरणात असल्या हिशेबाला जागा नसते. 'दुय्यम साधनांचा आधार घेतला' एवढं लिहिलं की तिथे भागतं.

आधी आकडे नीट सांगते. २०१९ च्या उन्हाळ्यात बीडच्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. विधान परिषदेत प्रश्न आला तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं त्या समितीच्या कामातून पुढे आलं. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीतला, २०१५-१६ चा: महाराष्ट्रात २.६ टक्के, देशात ३.२.

ही दुसरी पाहणी १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांची आहे. तिच्यात अकरावीतली पोरगी आली, मुंबईतली बँकेतली बाई आली, माझी रूममेट आली, मी आले. समितीने मोजल्या त्या एकाच कामातल्या, आणि हे काम जोडीने होत असल्यामुळे बहुतेक लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या बायका. पंधरा वर्षांच्या मुलीचं गर्भाशय कुणी काढत नाही. अशा मुली छेदात आल्या की टक्का आपसूक खाली येतो. ४,६०५ चं तर गोत्रच वेगळं. ती मोजदाद रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियांची आहे आणि तीन वर्षांपुरती आहे. १३,८६१ या बायका आहेत, त्यांची शस्त्रक्रिया आयुष्यात केव्हाही झालेली असेल. तरीही हे आकडे एकाच लेखात एकमेकांना खेटून बसलेले सापडतात, जणू एकाच वहीतून उतरवलेत.

फरक मोठा आहे आणि भयंकर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती 'साडेसहा'विषयी. आणि वयोगट पाहायचं मला सुचलं ते काही सावधपणामुळे नव्हे. संदर्भ देताना पाहणीचं साल बरोबर आहे का, एवढंच बघायला मी मूळ तक्ता उघडला. वयोगट त्याच्या मथळ्यातच लिहिलेला होता. साल मला आधीच पाठ असतं तर तक्ता उघडलाच नसता.

मी बीड जिल्ह्यातली. माझे काका-काकू दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्याला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची ती जोडीच्या नावाने आणि फेडायची ती मोळ्या बांधून. बाई आजारी पडली की कोयता मोडतो, खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. हे मला कुठल्या संकेतस्थळाने सांगितलेलं नाही. म्हणून समाजशास्त्राच्या एम. ए.ला प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझं उत्तर आधीच तयार होतं: खाड्याच्या धाकाने बायका पिशव्या काढून घेतात. मुकादम, कारखाना आणि उचल हे तीन आरोपी. आता फक्त पुरावा शोधायचा होता.

'आता फक्त' या दोन शब्दांपाशी मी पुष्कळ दिवस अडून आहे.

शोधायच्या चौकटीत मी पहिल्यांदा काय टंकलं ते ब्राउझरच्या इतिहासात अजून आहे. 'बीड गर्भाशय रॅकेट मुकादम'. ज्याने रॅकेट मागितलं त्याला रॅकेटच मिळणार. शोधयंत्र खोटं बोलत नाही, ते मागितलेले शब्द जिथे आहेत ती पानं पुढे करतं. 'मुकादम' हा शब्द मी आत घातला, म्हणून ज्या लेखात मुकादम नाही तो खाली ढकलला गेला, आणि मग वरच्या दहाही निकालांत मुकादम आहे हे पाहून मला माझं म्हणणं सिद्ध झाल्याचा आनंद झाला. न्यायाधीशाने आरोपीचं नाव पुकारायचं आणि कोर्टात फक्त त्याच नावाचा माणूस हजर आहे म्हणून त्याला दोषी धरायचं, असला हा कारभार. पुढे हळूहळू मी बाकीच्या क्लृप्त्या शिकले. शब्दसमूह अवतरणात घालायचा, नको तो शब्द उणे चिन्ह लावून वगळायचा, फक्त सरकारी संकेतस्थळांपुरतं शोधायचं, फक्त पीडीएफ मागायच्या, तारखेची मर्यादा घालायची. या साऱ्या एका दुपारी शिकता येतात. आमच्या ग्रंथपालबाई त्या फार छान शिकवतात. पण कुठला शब्द वगळायचा हे हात ठरवत नाहीत, मन ठरवतं, आणि मन कशाच्या मागे आहे हे ग्रंथपालबाईंना कसं कळावं?

तारखेच्या मर्यादेनेच मला अडचणीत आणलं. २०१९ चा गाजावाजा बाजूला ठेवून त्याआधी काय लिहिलं गेलं ते पाहावं म्हणून मी मर्यादा मागे नेली. तर बीड दिसेचना. दिसला राजस्थानातला दौसा जिल्हा, बिहार, छत्तीसगड. तिथेही खाजगी रुग्णालयांतून गरीब बायकांची गर्भाशयं सर्रास काढल्याच्या तक्रारी, आणि त्या २०१३ च्या आधीच्या. याच तीन राज्यांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ ला लागला आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश निघाला. बिहार आणि छत्तीसगडच्या गोष्टीत मुकादम नाही, उचल नाही, खाडा नाही. तिथे राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आहे, २००८ ची, गरीब कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचं संरक्षण देणारी. आणि त्या तीस हजारांवर डोळा ठेवून उघडलेली शस्त्रक्रियागृहं आहेत.

उसाचं कांडंही नसलेल्या मुलखात तेच घडत असेल तर माझ्या तीन आरोपींचं काय करायचं? निदान चौथा आरोपी उभा करावा लागणार: पांढरा कोट घातलेला, आणि कारखान्यापासून लांब. प्रबंधाची मांडणी बदलणार, प्रकरणांची नावं बदलणार. त्या निकालाचं पान मी टॅबमध्ये उघडं ठेवलं. वाचलं नाही. दुसरी कामं करत राहिले, आणि टॅबांच्या रांगेत ते पान बारीक होत होत नुसतं चिन्ह उरलं. 'नंतर वाचू' म्हणून खूण करून ठेवलेली माझी पानं मी अलीकडे मुद्दाम चाळली. न वाचलेल्यांपैकी बहुतेक माझ्या म्हणण्याच्या आड येणारी होती. वाचून, अधोरेखित करून, मैत्रिणींना पाठवलेली पानं सगळी माझ्या बाजूची. ही निवड मी एकदाही ठरवून केलेली नव्हती.

कार्यशाळेत आम्हाला एक अभ्यास सांगितला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेला. पंचेचाळीस जणांना त्यांनी अनोळखी संकेतस्थळांसमोर बसवलं: दहा इतिहासाचे पीएच. डी., दहा पेशाने तथ्यतपासनीस आणि पंचवीस पदवीचे विद्यार्थी. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्याच पानावर वरून खाली वाचत गेले. मांडणी देखणी आहे, भाषा गंभीर आहे, पत्ता दिला आहे, म्हणून विश्वास टाकत गेले. तपासनीस मात्र पान जेमतेम पाहून तिथून उठले, नव्या टॅबा उघडल्या, आणि ही मंडळी कोण, पैसा कुणाचा, बाकीचे यांच्याविषयी काय म्हणतात ते शोधून परत आले. पान समजून घ्यायचं तर आधी पान सोडायचं. मला हे इतकं पटलं की त्याच संध्याकाळी मी ते वापरलं.

वापरलं कुणावर? एका लेखावर. बीडमधल्या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय कारणंही असतात, लवकर झालेली लग्नं, पाठोपाठ बाळंतपणं, फडात पाण्याची आणि आडोशाची सोय नसल्यामुळे होणारे संसर्ग, असं त्यात म्हटलं होतं. मी टॅबांवर टॅबा उघडल्या. लेखक कोण, डॉक्टर आहे का, कुठल्या रुग्णालयाशी संबंधित आहे, संकेतस्थळाचा मालक कोण, त्याच्यावर खटला आहे का. त्याच संध्याकाळी मी एका संस्थेच्या पानावरून एक टक्का घेतला, कारण तो मोठा होता. किती बायकांना विचारलं, त्या कशा निवडल्या, कुणी विचारलं, यातलं काहीही न पाहता. न आवडत्या पाहुण्याला उंबऱ्यापाशी उभं करून कुळाची चौकशी करायची आणि आवडता आला की त्याला थेट माजघरात नेऊन पाट मांडायचा, तसं माझं चाललं होतं. आणि दाराशी चौकशी चालू असल्यामुळे, आपल्या घरात फार कडक तपासणी असते असा माझाच माझ्याविषयी समज झाला होता. टक्का पुढे मी काढून टाकला. तो चुकीचा निघाला म्हणून नाही. तो बरोबरही असेल. मी तो ज्या रीतीने आत घेतला ती रीत मला आठवत होती म्हणून.

इथे डिचोलीची हकीकत आठवते. इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये एक लेख आला: १६४०-४१ मध्ये गोव्याच्या डिचोली परिसरात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेला संघर्ष. साडेचार हजार शब्द, खाली पुस्तकांचे हवाले, लढाया, तह. थोड्याच काळात त्याला 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २०१२ पर्यंत तो तसाच होता. मग एका संपादकाने हवाल्यांतली पुस्तकं शोधायला घेतली आणि ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत असं निघालं. युद्ध अथपासून इतिपर्यंत बनावट. मराठी शाळेत चौथी केलेल्या कुणालाही पहिल्या ओळीला शंका यायला हवी होती. १६४१ मध्ये शिवाजी महाराज अकरा वर्षांचे, साम्राज्य कुठलं? पण पाच वर्षं ते टिकलं, कारण कुणाचंच त्यात काही गुंतलेलं नव्हतं. मला त्या बनवेगिरी करणाऱ्याचं फारसं नवल वाटत नाही. नवल वाटतं तळटिपांच्या दबदब्याचं. कंसातले आकडे दिसले की माझाही हात सलामाला वर जातो. खाली उतरून त्या तळटिपेच्या घरात कुणी राहतं का, हे मी किती वेळा पाहिलंय?

डिचोलीचं युद्ध रचायला निदान कुणाला तरी बसून मेहनत करावी लागली. आता तीही नको. मी चॅटजीपीटीला विचारलं, की ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रिया आणि खाडा यांचा थेट संबंध दाखवणारे शोधनिबंध सांग. दिले. लेखकांची नावं अगदी आपल्याकडची, शीर्षकं नेमकी, साल, खंड, पृष्ठांक. एका निबंधाचं शीर्षक तर माझ्याच गृहीतकाचं इंग्रजी रूप. तो गूगल स्कॉलरवर शोधला, शोधगंगेवर शोधला, त्या नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत शोधला. असं काही नव्हतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी याच यंत्राने रचलेले निवाडे कोर्टात दाखल केले आणि त्यांना व त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलर दंड झाला, हे मी वाचलं होतं. त्यामुळे शोधून पाहण्यात माझी काही थोरवी नाही. पण तो निबंध नाही हे कळल्यावर मला जे वाटलं ते नोंदवण्यासारखं आहे. फसवलं गेल्याचा राग नव्हता. हळहळ होती. असा निबंध असायला हवा होता, असं वाटलं. आणि मग लक्षात आलं, तो माझ्याच प्रश्नातून घडवलेला होता. मला जे हवं होतं ते माझ्याकडून घेऊन, त्याला लेखक, साल आणि पृष्ठांक चिकटवून यंत्राने मलाच परत दिलं. माझं पहिल्या दिवशीचं 'रॅकेट मुकादम' आणि हे, यांत फरक इतकाच की तिथे निदान पानं खरी होती.

दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला जिल्ह्याची ओळख द्यायची असते. तिथे शून्य ते सहा वयोगटातलं मुलींचं प्रमाण लिहायचं होतं. बीडचं २००१ मधलं, हजार मुलांमागे ८९४. २०११ चं कुठे ८०१ सापडतं, कुठे ८०७. दोन्ही जनगणनेचेच: ८०१ हंगामी आकडा, २०११ मध्येच जाहीर झालेला, ८०७ नंतरचा अंतिम. राज्याचंही तसंच, आधी ८८३, मग ८९४. (बीडचं २००१ चं आणि राज्याचं २०११ चं अंतिम एकच निघाल्यामुळे किती तक्त्यांत घोळ होत असतील देव जाणे.) सहाचा फरक, माझ्या मुद्द्याला त्याने काही बाधा येत नाही. तरी ८०१ खोडून ८०७ लिहिताना काहीतरी गमावल्यासारखं वाटलं. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या मुली हजारामागे सहाने वाढल्या आणि मला चुटपुट लागली, कारण वाक्याची धार गेली! हे लिहायला अवघड जातं, पण त्या क्षणी वाटलं ते असंच.

हवाल्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती आमच्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. गोऱ्हे समितीचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तो बातमीत. दुसऱ्यांदा दुसऱ्या बातमीत. अहवालाचा मूळ दस्तऐवज मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. संदर्भसूचीत मात्र 'समितीचा अहवाल, २०१९' असं लिहिण्याची पद्धत आहे. तसं लिहिलं की वजन येतं आणि कुणी विचारत नाही. वर्गातले सगळे तसंच करतात. एकाने मूळ पाहिलेलं असतं, दुसरा त्याच्यावरून उतरवतो, तिसरा दुसऱ्यावरून, आणि तिघांच्याही सूचीत मूळच. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या आगेमागेची अस्सल पत्रं घेऊन, आणि बखरींवर विसंबणाऱ्यांची त्यांनी प्रस्तावनेत हजेरी घेतली. त्यांचं नाव आम्ही पहिल्याच व्याख्यानात घेतो. त्यांना पायपीट करावी लागे. मला फार तर एखादा माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागेल. तो केला आहे. उत्तर येईपर्यंत सूचीत 'बातमीवरून' असं लिहिलंय. आमच्या मॅडम म्हणाल्या, "हे जरा कच्चं दिसतं गं." दिसतं खरं. आहेच ते कच्चं.

वाङ्मयचौर्य तपासणीची मला भीती नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि माझा अहवाल त्याच्या आत आला. मैत्रिणींनी चहा मागितला. सॉफ्टवेअर शब्द मोजतं. तिसऱ्या प्रकरणातला जो युक्तिवाद मॅडमना सगळ्यात आवडला तो मी एका शोधगंगेवरच्या प्रबंधात वाचला होता आणि माझ्या शब्दांत इतका नीट बसवला होता की त्याचं साम्य शून्य आलं. तळटीप नंतर घातली. घातल्यावर मॅडमचं कौतुक आपोआप कमी झालं, आणि ते कमी होणं मला सोसलं नाही, हेही इथे मांडून ठेवते.

राहिली काकू. विषय तिचा, आणि तिलाच सगळ्यात शेवटी विचारलं. दिवाळीला गावी गेले तेव्हा, टोळी निघायच्या आधी. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी विचारलं, "काकू, तुझी पिशवी काढली ती मुकादमानं सांगितलं म्हणून का?" प्रश्न तोंडातून बाहेर पडतानाच मला तो ओळखीचा वाटला. शोधाच्या चौकटीत टंकला होता तोच हा.

काकू म्हणाली, "मुकादमाचा काय संबंध? पोट दुखायचं. डागदर म्हणला, नाही काढली तर कॅन्सर व्हईल. काढली." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "खाडं पडायचं ते बी व्हतंच की." आणि थोड्या वेळाने, "तुला कामून पाहिजे हे?" मी कॉलेजच्या पुस्तकाचं सांगितलं. तेव्हा तिने अगदी मायेने विचारलं, "तुला काय लिवायचंय ते सांग की बाई. मी तसं सांगते."

महाजालावरच्या एकाही पानाने मला हे इतक्या उघडपणे विचारलेलं नाही. पण विचारत ती सगळीच होती, आणि मी सगळ्यांना सांगत आले होते.

तिच्या उत्तरात माझे आरोपीही आहेत आणि दौशाचा डॉक्टरही आहे. पण जिला माझ्यासाठी हवं ते बोलायची तयारी आहे, तिचा शब्द पुरावा म्हणून कसा वापरायचा? कागदपत्रं मिळाली तर पडताळता येईल. ती त्या रुग्णालयाने दिली नव्हती, की घर शाकारताना गेली, तिला आठवत नाही. शिवाय सगी काकू आहे, नाव गाळलं तरी गावाला कळणार. तिची परवानगी मी घेतलेली नाही. फोनवर विचारता येईल, चुलतभावाकडे फोन असतो. पण फोनवर ती हो म्हणणार, कशालाही हो म्हणणार, आणि तसलं 'हो' गोळा करण्यात मी आता पुरेशी तरबेज झाले आहे. तिच्यासमोर बसून, तिचंच म्हणणं तिला वाचून दाखवून विचारायला हवं. ती कारखान्यावरून परतेल ती मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये. प्रबंध द्यायची तारीख फेब्रुवारीची. मुदतवाढीचा अर्ज भरून ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात सध्या 'क्षेत्रकार्य अपूर्ण' असं लिहिलंय.